बाहुलीची तपासणी

गेल्या महिन्यातल्या एका सोमवारी, दवाखान्यात ऐन गर्दी असताना, एक ओळखीची मुलगी आपल्या दोन लेकरांना घेऊन आली. मुलगी म्हणजे आता दोन लेकरांची आई. पण तिला गोवराची लस मीच टोचली होती, त्यामुळे माझ्या लेखी ती अजून मुलगीच. कडेवर आठ महिन्यांचे बाळ, बोटाला धरलेली सात वर्षांची थोरली. बाळाला सर्दी होती. तपासले, औषध लिहून दिले, तरी ती उठेना. मग चाचरत म्हणाली, "बाई, एक विचारू? औषधाचं नाही."

"विचार की."

"हिला वाढदिवसाला बाहुली हवीय. मैत्रिणीकडे एक आहे, उंच, कंबर एवढीशी. ती बघितल्यापासून ही रात्री अर्धी भाकरी खाऊन उठते. पोट सुटेल म्हणते. दुकानात दुसरी एक आहे, लहान मुलीसारखी दिसणारी. साडेतीनशेला, कपड्यांसकट. ती देऊ का घेऊन? पण हे बारकं तर दिसेल ते तोंडात घालतं."

थोरलीला काट्यावर उभे केले. वजन २० किलो, उंची ११८ सेंटिमीटर. या वयाला अगदी बेताचे, किंबहुना किलोभर वाढले तरी चालेल असे. पोट सुटण्याचा प्रश्नच नव्हता. मी म्हटले, "आठ दिवस थांब. मी बघून सांगते."

बाहुली बघून सांगणे हे डॉक्टरचे काम का, असे कुणी विचारील. पण खेळणे हे मुलाच्या हातात, तोंडात आणि डोक्यात, तिन्ही ठिकाणी जाते. औषधाच्या बाटलीपेक्षा जास्त वेळ ते मुलाजवळ असते. तेव्हा त्याच संध्याकाळी मी दुकानात गेले आणि ती बाहुली विकत घेतली. दुकानदाराने कौतुकाने विचारले, "नातीला का?" मी म्हटले, "नाही, तपासणीला." तो हसला, त्याला थट्टा वाटली.

पहिली तपासणी खोक्याची. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे. केंद्र सरकारने हा आदेश २०२० साली काढला. त्याआधी, २०१९ मध्ये, भारतीय गुणवत्ता परिषदेने बाजारातली आयात केलेली खेळणी उचलून तपासली होती, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश खेळणी नापास झाली होती. चिन्हाच्या वर आय.एस. ९८७३ हा मानकाचा क्रमांक आणि खाली सी.एम./एल. अशा अक्षरांनी सुरू होणारा परवान्याचा क्रमांक असतो. बी.आय.एस. केअर नावाच्या मोबाईलवरच्या ॲपमध्ये हा क्रमांक घातला की परवाना खरा की खोटा ते कळते. मी घेतलेल्या बाहुलीच्या खोक्यावर चिन्ह होते, क्रमांकही जुळला. शेजारीच, दोरीला टांगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, जवळपास तशीच बाहुली शंभर रुपयांना होती. तिच्यावर चिन्ह नाही, बनवणाऱ्याचे नाव नाही, काहीच नाही. जत्रेत मिळतात त्या बहुतेक याच घराण्यातल्या.

इथे एक खुलासा. नोंदणी झालेल्या हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंना या आदेशातून सूट आहे. त्यामुळे चन्नपट्टणच्या लाखेच्या रंगाच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह दिसले नाही तर लगेच ती बनावट समजू नयेत.

खोक्यावर आणखी एक खूण होती. वर्तुळात बाळाचा चेहरा, ०-३ हे आकडे आणि त्यावर आडवी काट. म्हणजे तीन वर्षांखालील मुलांसाठी हे खेळणे नाही. ही खूण आपल्याकडे कुणी वाचत नाही, आणि वाचली तरी "आमचा बाळ्या हुशार आहे" असे समजून सोडून देतात. हुशारीचा इथे काही संबंध नाही. संबंध आहे तो घशाच्या रुंदीचा.

घरी येऊन टेबलावर वर्तमानपत्र पसरले आणि बाहुली उघडली. उंची २२ सेंटिमीटर. तीन पोशाख, दोन जोड बूट, एक कंगवा, एक टीचभर पर्स. बुटाची लांबी जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर भरली.

खेळण्यांच्या प्रयोगशाळेत लहान भाग तपासायला एक नळकांडे वापरतात. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. जी वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावते, ती तीन वर्षांखालील मुलाला धोक्याची. घरी अंदाज घ्यायचा तर दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते. नळकांड्याचे तोंड त्याहून जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरने मोठे. ज्यांच्या घरात फोटोच्या रिळाची जुनी काळी डबी अजून हिंग-मोहरीसाठी वापरात असेल, त्यांना ती साधारण त्याच मापाची आहे हे सांगून ठेवते. माझ्याकडे तशी डबी होती. बूट गेले, कंगवा गेला, पर्स गेली. सगळे आत मावून वर झाकण लागले.

त्या डबीत आधीपासून एक बूट होता, म्हणून तर मी ती कपाटातून काढली. त्याची हकीकत सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातून दीड वर्षाचा एक मुलगा माझ्याकडे आणला होता. तीन आठवडे खोकला. दम्याची औषधे चालू होती, उतार नव्हता. छातीला नळी लावली तर डावीकडे श्वास स्वच्छ, उजवीकडे कमी आणि शिट्टी वाजल्यासारखा. दमा असा एकाच बाजूला नसतो. आईला विचारले, खोकला नेमका कधी सुरू झाला? ती म्हणाली, "बहिणीशेजारी खेळत होता, एकदम ठसका लागला, निळा पडला, मग आपोआप बरा झाला." हा 'आपोआप बरा झाला' शब्द ऐकून मला घाम फुटला. क्ष-किरण फोटो काढला. त्यात वस्तू दिसली नाही, कारण प्लॅस्टिक क्ष-किरणांत दिसत नाही. दिसले ते एवढेच की उजवे फुप्फुस डाव्यापेक्षा जास्त फुगलेले आहे. श्वासनलिकेत अडकलेली वस्तू पुष्कळदा झडपेसारखी वागते. श्वास घेताना नळी रुंदावते तेव्हा हवा आत शिरते, सोडताना नळी आवळते आणि हवा आतच कोंडते. मुलाला शहरात पाठवले. भूल देऊन, दुर्बिणीने, तिथल्या डॉक्टरांनी उजव्या नळीतून बाहुलीचा उंच टाचेचा लालभडक बूट काढला. मुलगा वाचला. आईने तो बूट मला आणून दिला आणि म्हणाली, "हा तुम्हीच ठेवा, मला घरात नको." नव्या बाहुलीचा बूट त्याच्याशेजारी ठेवला. टाच नव्हती म्हणून थोडा रुंद, लांबी जवळजवळ तीच.

तेव्हा हे लक्षात ठेवावे. खेळता खेळता अचानक ठसका लागून मुलाचा चेहरा बदलला आणि नंतर ते शांत झाले, तरी त्याला डॉक्टरला दाखवावे. घडलेली गोष्ट सांगावी, आणि विशेषतः त्यावेळी आजूबाजूला काय पडले होते तेही सांगावे. मूल मोठ्याने खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे. तोच सर्वांत चांगला उपाय आहे. पण आवाजच फुटत नसेल, श्वास येत नसेल, तर वर्षाखालील बाळाला आपल्या हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा माराव्यात. तेवढ्याने निघाले नाही तर उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाबावे. पुन्हा थापा, पुन्हा दाब. वर्षावरील मुलाला पाठीत पाच थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके. हे चालू असताना दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन करावा, आणि मूल बेशुद्ध पडले तर तिथे जे सांगतील ते करावे. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालून चाचपू नये. आपल्याकडच्या आज्या नेमके तेच करतात आणि वरची वस्तू खाली ढकलतात. आज्यांचा अपमान करण्याचा हेतू नाही. मीही आता आजीच आहे.

मुलांनी बाहुल्यांशी खेळू नये असा याचा अर्थ नाही. बूट हे बाहुलीपेक्षा वेगळे खेळणे आहे आणि ते बाळाच्या हाताला लागणार नाही अशा जागी राहिले पाहिजे, इतकेच. आमची चिंध्यांची बाहुली अनवाणीच असायची. जुन्या लुगड्याचा तुकडा, आत कापूस, नाकडोळे काळ्या दोऱ्याने टाचलेले. तिच्यात गिळण्यासारखे काही नव्हते. पुढे तिला मण्यांचे डोळे लावायची टूम निघाली, ती मात्र तितकीशी शहाणपणाची नव्हती.

आता बाहुलीचे अंग. धड कडक प्लॅस्टिकचे, डोके आणि हातपाय मऊ. हा मऊपणा बहुधा पी.व्ही.सी.चा असतो. पी.व्ही.सी. मुळात कडक, नळाचे पाईप त्याचेच. ते मऊ करायला त्यात थॅलेट नावाची तेलकट रसायने मिसळतात, कधी कधी वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. ही रसायने प्लॅस्टिकशी घट्ट जोडलेली नसतात, हळूहळू बाहेर झिरपतात. जुन्या बाहुलीचे पाय हाताला चिकट लागतात ते पुष्कळदा यामुळेच. बाळाने तेच पाय चोखले तर ती तोंडात जातात. यांपैकी काही थॅलेटे शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, म्हणून युरोपात १९९९ पासून आणि अमेरिकेत २००८ च्या कायद्याने खेळण्यांतील त्यांच्या प्रमाणावर बंधन आले. तिथली मर्यादा ०.१ टक्का आहे. आपल्याकडच्या सक्तीच्या मानकांतही आता थॅलेटची तपासणी आहे. प्लॅस्टिक टिकाऊ करायला आणि भडक रंगांसाठी शिसे वापरण्याची खोडही जुनीच. शिसे मोठ्या माणसाच्या आतड्यातून जेवढे शोषले जाते त्याच्या कितीतरी पट लहान मुलाच्या आतड्यातून शोषले जाते. ते मेंदूच्या वाढीवर घाला घालते, आणि रक्तातली अमुक एक पातळी सुरक्षित असे शास्त्राला सांगता आलेले नाही.

घरी यातले काही मोजता येत नाही, हे स्पष्टच सांगते. चिन्ह पाहायचे ते याचसाठी. घरी करता येते ते एवढे: वास घ्यावा. खोके उघडल्यावर रॉकेलसारखा किंवा उग्र गोडसर भपका आला आणि दोन दिवस उन्हावाऱ्यात ठेवूनही गेला नाही, तर बाहुली परत करावी. ओल्या पांढऱ्या कापसाने ओठ, गाल, भुवया दोन मिनिटे घासाव्यात. माझ्या बाहुलीला वास बेताचा होता, दुसऱ्या दिवशी गेला. कापूस पांढराच राहिला. हात, पाय, मुंडके जोर लावून ओढले. काही निघाले नाही. केस मुठीत धरून ओढले तेव्हा सहा-सात तंतू हातात आले.

हे तंतू क्षुल्लक वाटतात, पण असा केस किंवा कपड्याचा सुटा दोरा तान्ह्या बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुरफटतो, आवळत जातो आणि बोट सुजून लाल-काळे होते. बाळ कळवळून रडते, घरचे पोटदुखी समजून घुटी पाजतात. कारण न कळता बाळ रडत असेल तर मोजे काढून दहाही बोटे पाहावीत.

पोशाखांवर माझी एक संध्याकाळ गेली, आणि खरे सांगायचे तर मजेत गेली. पहिला फुलाफुलांचा सुती फ्रॉक. पाठीवर वरपासून खालपर्यंत उघडणारा, दोन टिचबटणे. शिवण आतून मुडपलेली. उत्तम. दुसरा सदरा आणि विजार. विजारीला कमरेत इलॅस्टिक, सदऱ्याला पाठीशी वेल्क्रो. वेल्क्रोचा काटेरी भाग बाहुलीच्या केसांत अडकतो आणि केस उपटून काढतो, ही त्याची खोड. सहा-सात तंतू सैल होण्याचे निम्मे कारण तेच असावे. तिसरा पार्टीचा झगमगीत झगा. याच्यावर चमकत्या टिकल्या होत्या, शिवलेल्या नव्हेत तर चिकटवलेल्या. नखाने खरवडल्यावर अर्ध्या तासात अकरा टिकल्या टेबलावर पडल्या. खाली कडक जाळीचे अस्तर, कडा कापून तशाच सोडलेल्या. ते कापड म्हणजे दिव्याजवळ नेले तर भुर्रकन पेटणारे. साडेतीनशे रुपयांतले निदान साठ-सत्तर रुपये या झग्याचे असतील, आणि नेमका तोच फेकण्याच्या लायकीचा.

तिन्ही कपडे वेगवेगळ्या वाट्यांत कोमट पाण्यात भिजवले. फ्रॉकचे पाणी स्वच्छ राहिले, सदऱ्याचे जरासे पिवळट झाले, झग्याचे गुलाबी झाले. लाल किंवा गडद निळा कपडा धुण्याआधी बाहुलीला तसाच घालून ठेवला तर त्याचा रंग मऊ प्लॅस्टिकमध्ये मुरतो आणि मग काही केल्या जात नाही. जो रंग बाहुलीच्या पायाला लागतो तो मुलीच्या बोटांना आणि तिथून तोंडालाही लागतो. कापडाच्या काही ॲझो रंगांवर आपल्याकडे १९९० च्या दशकातच बंदी आली, तरी कापड कुठे रंगवले हे बाहुलीच्या झग्यावर लिहिलेले नसते. म्हणून नवे कपडे आधी साबणाच्या पाण्यात दोनदा धुवावेत. तरीही रंग जात राहिला तर तो कपडा वापरू नये.

बाहुलीला कपडे घालणे हा बोटांसाठी व्यायाम आहे, हे पालकांना सहसा सुचत नाही. एका हाताने बाहुली धरायची, दुसऱ्याने बाही सारायची, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बटण पकडायचे. याच चिमटीत पुढे पेन्सिल धरायची असते. या कामाला वेल्क्रो फारच सोपे आणि बारीक हूक फारच अवघड. सात वर्षांच्या हाताला टिचबटण बरोबर जमते. बाही अरुंद असेल आणि बाहुलीची बोटे फाकलेली असतील तर ती बाहीत अडकतात, मूल चिडते आणि शेवटी आईच कपडे बदलत बसते. या बाहुलीची बोटे एकत्र जोडलेली होती. ज्याने कुणी ती घडवली त्याच्या घरात लहान मुलगी असावी.

आता त्या अर्ध्या भाकरीकडे वळते.

मी शिंप्याची टेप घेऊन बाहुलीची मापे घेतली. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या पावपट असते. सात-आठ वर्षांच्या मुलाची उंची साधारण सहा डोक्यांएवढी, मोठ्या माणसाची सात-साडेसात. ही बाहुली पाच डोक्यांची निघाली, म्हणजे डोके थोडे मोठे, पण मुलीसारखीच. कंबर साडेनऊ सेंटिमीटर. २२ ने भागले तर ०.४३. त्या सात वर्षांच्या मुलीची कंबर मी मोजली होती, ५२ सेंटिमीटर. भागिले ११८, म्हणजे ०.४४. माझ्या टेबलावरच्या बाहुलीची कंबर खऱ्या मुलीच्या कमरेशी जुळली याचा मला कोण आनंद झाला!

आता जगप्रसिद्ध बार्बीचे पाहा. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात रूथ हँडलर या बाईंनी ती पुढे आणली. नमुना होता लिली नावाच्या जर्मन बाहुलीचा, आणि ती लिली मुळात मोठ्या माणसांच्या वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रातली होती. बार्बी सुमारे २९ सेंटिमीटरची. सहापट मोठी केली तर पावणेसहा फूट उंच बाई होते, आणि कंबर अठरा-वीस इंचांची भरते. १९६५ साली तिच्या एका संचात छोटा वजनकाटा होता. त्याचा काटा कायमचा ११० पौंडांवर, म्हणजे सुमारे ५० किलोंवर. एवढ्या उंचीला ५० किलो म्हणजे माझ्याकडे आली असती तर मी आधी तिचे रक्त तपासले असते. सोबत वजन कमी करण्याचे एक चिमुकले पुस्तक होते. त्यातला सल्ला एकच, न खाण्याचा.

याचा परिणाम होतो का? २००६ साली इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच ते आठ वर्षांच्या १६२ मुलींवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना बार्बीची चित्रे दाखवली, काहींना भरलेल्या अंगाच्या एमी नावाच्या बाहुलीची, काहींना बाहुली नसलेली. बार्बी पाहिलेल्या लहान मुलींना आपल्या शरीराबद्दल नाराजी जास्त वाटली आणि बारीक व्हावेसे वाटले. गटातल्या सर्वांत मोठ्या मुलींमध्ये हा परिणाम दिसला नाही. कंपनीने २०१६ मध्ये तीन नवे बांधे आणले, त्यातला एक भरलेला होता. म्हणजे तक्रार अगदीच पोकळ नव्हती.

लहान मुलीच्या बांध्याच्या बाहुल्या ही काही आजची कल्पना नाही. जपानमध्ये ताकारा कंपनीने १९६७ साली लिक्का नावाची २१ सेंटिमीटरची बाहुली काढली. ती अकरा वर्षांची, पाचवीत शिकणारी मुलगी आहे आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या खपते आहे. आयर्लंडमध्ये २०१२ साली लॉटी आली, नऊ वर्षांच्या मुलीच्या शरीराच्या प्रमाणात केलेली. सपाट पायांवर स्वतः उभी राहते, तोंडाला रंगरंगोटी नाही, टाचेचे बूट नाहीत. साडेतीनशेची आमची बाहुली याच कुळातली, दूरची गरीब नातेवाईक म्हणा. तीही आपल्या पायांवर उभी राहते. मात्र तिच्या पापण्यांवर कुणीतरी जांभळी छटा ओढून ठेवली आहे. मुलीच्या अंगावर बाईचा चेहरा! हा हव्यास कशाला, मला कळले नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे. ही बाहुली दुकानात एकाच रंगात होती, गुलाबी गोऱ्या. मी विचारले, सावळी नाही का? दुकानदार म्हणाला, "बाई, सावळी कोण घेईल?" १९४० च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे चार बाहुल्या ठेवल्या, रंगाखेरीज सगळ्या अगदी सारख्या. यातली चांगली कोणती, खेळायला कोणती हवी, असे विचारल्यावर बहुतेकांनी गोरी उचलली. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा या अभ्यासाची दखल घेतली होती. आमच्या दुकानदाराला क्लार्क माहीत नाहीत, पण गिऱ्हाईक माहीत आहे. माझ्याकडे जन्मल्या बाळाला पहिल्याच दिवशी डाळीचे पीठ आणि साय लावायला निघालेल्या आज्या येतात. बाहुलीचा रंग तिथून येतो.

आठ दिवसांनी ती आई आली. मी सांगितले: घे, पण झगा फेकून दे, फ्रॉक धुऊन मग घाल, आणि बूट, कंगवा, पर्स डब्यात घालून फळीवर ठेव, बाळ झोपल्यावर काढ. शंभरची पिशवीतली घेऊ नकोस. मग सहज विचारले, "घरात रात्री न जेवणारं आणखी कोण आहे?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "मीच. संक्रांतीपासून. बाळंतपणात वजन वाढलं ना, सगळे म्हणतात." आठ महिन्यांचे बाळ अंगावर पीत होते आणि ही रात्री एक कप चहावर झोपत होती. मी तिचेही हिमोग्लोबिन तपासायला पाठवले, ८.९ आले. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि सांगितले, रात्री मुलीच्या शेजारी ताट घेऊन बसायचे, आणि पोटाविषयी अवाक्षर काढायचे नाही, ना स्वतःच्या, ना तिच्या.

परवा बाळाला नववा महिना पुरा झाला म्हणून गोवर-रुबेलाच्या लसीला ती सगळी आली. थोरलीच्या हातात बाहुली होती, अंगात खणाच्या तुकड्याचा परकर-पोलका. पणजीने शिवलेला. मला म्हणाली, "हिचंपण वजन करा." बाळाच्या काट्यावर बाहुली निजवली, १४० ग्रॅम. तिने ते आपल्या कागदावर लिहून घ्यायला लावले. तिचे स्वतःचे पाव किलोने वाढले होते, तेही लिहिले. रात्री भाकरी किती, असे विचारल्यावर एक म्हणाली. आई मागून हळूच "पाऊण" म्हणाली.

लस टोचून झाली तसा आईचा चेहरा उतरला. "बाई, एक सांगायचं राहिलं. चार बुटांपैकी एक सापडत नाही. दोन दिवस झाले. हिनं दुपारी डबा काढला होता."

बाळ रडत होते, आणि रडत होते तेच बरे होते. शांत होईपर्यंत थांबले, मग दोन्ही बाजूंना नळी लावून बराच वेळ ऐकले. डावी-उजवी सारखी. ठसका लागला नव्हता, खोकला नव्हता, दूध नीट पीत होते. काय झाले तर लगेच यायचे ते सांगितले आणि घर झाडून काढायला लावले.

काल रात्री तिचा फोन आला. बूट पणजीच्या शिलाई मशीनच्या खणात होता, रिकाम्या रिळांत. परकर शिवताना मापाला घेतला होता.